पोहणारीचा पोशाख

चित्रपटांच्या इतिहासात काही पोशाख त्या चित्रपटांहून दीर्घायुषी ठरतात. १९६२ साली पडद्यावर आलेल्या ‘डॉक्टर नो’ या बाँडपटाचे कथानक आज किती जणांना सलग सांगता येईल याची शंकाच आहे. परंतु समुद्रातून किनाऱ्यावर येणारी उर्सुला अँड्रेस आणि तिचा तो पांढरा, दोन तुकड्यांचा पोशाख मात्र चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतो. १९५२ च्या ‘मिलियन डॉलर मर्मेड’मधील एस्थर विल्यम्सचा सोनेरी टिकल्यांचा वेशही असाच लोकांच्या स्मरणात राहिला. अशा पोशाखांच्या याद्या हौसेने केल्या जातात आणि हौसेनेच वाचल्या जातात. परंतु या यादीच्या आरंभी जिचे नाव यावयास हवे, त्या ॲनेट केलरमनचे स्मरण फारच थोड्यांना असते. ज्यांना असते त्यांनाही ते बहुधा एकाच गोष्टीचे असते : तोकड्या पोशाखात समुद्रावर गेली म्हणून जिला पोलिसांनी पकडले, ती ही बाई.

एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे सारे आयुष्य तिच्या अंगावरील कपड्याच्या लांबीरुंदीत मोजले जावे, हा नियतीचा विनोद म्हणावा की समाजाचा अन्याय? ॲनेट केलरमनच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न टाळता येत नाही. कारण तिने तो पोशाख अंगावर चढवला तो दिसण्यासाठी नव्हे. तिला पोहायचे होते, आणि त्या काळी स्त्रियांना दिलेल्या पोशाखात पोहणे अशक्य होते. इतकी साधी ही गोष्ट आहे. परंतु ती साधी गोष्ट जगाच्या गळी उतरवता उतरवता तिचे आयुष्य खर्ची पडले आणि अखेर जगाने तिच्याकडून घेतले ते केवळ पोशाखाचे चित्र.

पायांतले लोखंड

ॲनेटचा जन्म १८८६ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी झाला. वडील व्हायोलिनवादक, तर फ्रेंच वंशाची आई पियानोवादनात निष्णात आणि संगीत शिकवणारी. घरात सुरांची श्रीमंती होती. परंतु या मुलीचे पाय दुबळे होते. ते सरळ व्हावेत म्हणून बालपणी तिच्या पायांना पोलादी पट्ट्या जखडण्यात आल्या. इतर मुले धावत असता ही मुलगी त्या लोखंडाचे ओझे ओढीत चालत असे. वैद्यांच्या सल्ल्यावरून सहाव्या वर्षाच्या सुमारास तिला पोहण्यास घालण्यात आले ते सिडनीच्या लॅव्हेंडर बे येथील कॅव्हिल कुटुंबीयांच्या तलावावर. हातपाय मारण्याच्या ज्या ‘क्रॉल’ पद्धतीने पुढे साऱ्या जगातील शर्यती जिंकल्या गेल्या, तिच्या जडणघडणीत या कॅव्हिल घराण्याचा मोठाच वाटा आहे. म्हणजे उपचारासाठी गेलेली ही मुलगी नकळत जलतरणविद्येच्या उगमापाशीच जाऊन पोहोचली होती.

जमिनीवर जे पाय साथ देत नव्हते ते पाण्यात देऊ लागले. तेराव्या वर्षापर्यंत पायांत बळ आले आणि पंधराव्या वर्षी पोहण्याचे सर्व प्रकार तिला अवगत झाले. १९०२ साली न्यू साउथ वेल्स प्रांताच्या स्त्रियांच्या स्पर्धांत शंभर यार्डांचे आणि एक मैलाचे अशी दोन्ही अजिंक्यपदे तिने पटकावली. मैलाचे अंतर तिने ३३ मिनिटे ४९ सेकंदांत कापल्याची नोंद आहे. हे यश किती मोलाचे होते हे समजण्यासाठी तो काळ लक्षात घ्यावयास हवा. सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यांवर दिवसाढवळ्या समुद्रस्नान करण्यास कायद्याने असलेला मज्जाव १९०२-०३ च्या सुमारास कुठे सैल होऊ लागला होता. समुद्र सभोवार पसरलेला आणि त्यात उतरावयाचे ते पहाटे किंवा रात्री, असा तो प्रकार होता.

स्त्रियांच्या वाट्याला तर याहून कठीण बंधने होती. इंग्लंडात समुद्रस्नानासाठी चाकांवरची लाकडी खोली घोड्यांकरवी पाण्यात नेत आणि तिच्या आडोशाने स्त्रीने पाण्यात पाऊल टाकावे असा शिष्टाचार होता. अंगावर लोकरीचा किंवा फ्लॅनेलचा घोळदार झगा, त्याखाली विजार, पायांत मोजे, बहुधा बूटदेखील. पाण्यात झगा वर तरंगू नये म्हणून त्याच्या काठात वजने शिवण्याचीही पद्धत होती. भिजल्यावर हा सारा पसारा पोहणारीला तारण्याऐवजी तळाशी ओढीत असे. कमरेइतक्या पाण्यात दोरी धरून उड्या मारणे एवढीच जलक्रीडा या पोशाखात शक्य होती.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत ‘जनरल स्लोकम’ या आगबोटीला आग लागली. चर्चच्या सहलीला निघालेल्या त्या बोटीवर बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. किनारा नजरेच्या टप्प्यात असताना हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवरील प्राणरक्षक साधने कुजलेली होती, हे तर खरेच. परंतु ज्यांनी पाण्यात उड्या घेतल्या त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना पोहता येत नव्हते आणि त्यांच्या अंगावरील जड वस्त्रांनी त्यांना वर येऊ दिले नाही. मर्यादेच्या नावाखाली स्त्रीला पाण्यापासून दूर ठेवण्याची किंमत त्या एका दिवशी साऱ्या शहराला दिसली.

खाडीतले तीन प्रयत्न

केलरमन कुटुंब पुढे मेलबर्नला गेले. घरची आर्थिक स्थिती खालावली होती आणि मुलीच्या अंगची विद्या हाच आता चरितार्थाचा आधार होता. तेथील मत्स्यालयाच्या काचेच्या हौदात माशांच्या संगतीने दिवसातून दोन वेळा पोहण्याचे खेळ ॲनेट करू लागली. १९०३ साली एका नाटकातील दृश्यासाठी रंगमंचावरील पाण्यात उंचावरून सूर मारण्याचे कामही तिने केले. १९०५ मध्ये वडिलांना बरोबर घेऊन ती इंग्लंडला निघाली. तेथे तिला कोणी ओळखत नव्हते. तेव्हा थेम्स नदीत पट्नीपासून ब्लॅकवॉलपर्यंतचा लांब पल्ला पोहून तिने लंडनकरांचे लक्ष वेधले. त्या नदीच्या गढूळ, तेलकट पाण्यातून बोटींच्या गर्दीत वाट काढणारी ही तरुण परदेशी मुलगी वृत्तपत्रांचा विषय झाली.

त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, ती इंग्लिश खाडी पोहून जाण्याच्या इराद्याने पाण्यात उतरली. असा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी ती एक. तोपर्यंत ही खाडी पोहून गेलेला मनुष्य एकच होता, कॅप्टन मॅथ्यू वेब, आणि त्यालाही तीस वर्षे लोटली होती. ॲनेटने एकूण तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तिला पाण्याबाहेर यावे लागले. तिच्या स्वतःच्या आठवणीनुसार तिच्याबरोबर उतरलेल्या पुरुषांना अंगावर कपडा ठेवण्याचे बंधन नव्हते. तिला मात्र पोशाख घालणे भाग होते, आणि त्याच्या काठांनी घासून घासून तिच्या काखांची कातडी सोलवटून निघाली होती. अपयशाचे खापर तिने कपड्यावर फोडले नाही, आपले बळ अपुरे पडले हे तिने मोकळेपणाने मान्य केले. तथापि एकाच पाण्यात, एकाच थंडीत, एकाच अंतरासाठी उतरलेल्या दोन माणसांना दोन निरनिराळे नियम कसे लागू होत होते, हे त्या जखमांनी स्पष्ट केले होते.

याच सुमारास लंडनच्या एका प्रतिष्ठित क्लबात राजघराण्यातील मंडळींपुढे तिचे प्रात्यक्षिक ठरले. ती वापरीत असे तो पुरुषी धाटणीचा, मांडीपर्यंतचा एकसंध पोशाख. राजघराण्यासमोर उघडे पाय चालणार नाहीत, असे तिला सांगण्यात आले. तिने वाद घातला नाही. काळ्या लांब मोज्यांची एक जोडी आणून ती पोशाखाच्या कडेला शिवून टाकली. नियम पाळला गेला, अंग झाकले गेले आणि हातापायांची मोकळीकही कायम राहिली. पुढे तिच्या नावाने ओळखल्या गेलेल्या एकसंध पोशाखाची ही जन्मकथा. तिच्या मुळाशी बंडखोरी असलीच तर ती एका कामकरी बाईची होती : कामात जे आड येते ते दूर करावयाचे, आणि दूर करू देत नसतील तर त्यातून सुईदोऱ्याने वाट काढावयाची.

अटकेची कथा

त्यानंतर ती अमेरिकेत गेली. शिकागोत आणि मग बोस्टनजवळच्या रिव्हियर बीच येथील करमणूक उद्यानात तिचे सूर मारण्याचे आणि पोहण्याचे खेळ होऊ लागले. तिच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग घडला असे मानतात तो येथलाच. १९०७ साली एकसंध पोशाखात ती किनाऱ्यावर आली, असभ्य वर्तनाबद्दल तिला पकडण्यात आले, न्यायाधीशापुढे तिने आपली बाजू मांडली आणि पाण्याच्या कडेपर्यंत अंगावर झगा घेण्याच्या अटीवर तिची सुटका झाली, अशी ती हकीकत आहे. उत्तरायुष्यात तिने स्वतःच ती अनेकदा सांगितली आणि पुढे चित्रपटानेही ती जगभर नेली. परंतु त्या काळच्या वृत्तपत्रांतून वा न्यायालयाच्या दप्तरांतून या प्रसंगाचा भक्कम पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही.

ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. खाडीतल्या जखमा, थेम्समधले मैल, मैलभराच्या शर्यतीची वेळ या गोष्टी खऱ्या. पण त्या कोणी सांगत नाही. अटकेची कथा संशयास्पद. पण ती सर्वांना पाठ असते. लोकस्मृती श्रमापेक्षा बभ्र्यावर अधिक लोभ करते, हेच त्याचे कारण असावे. ॲनेटलाही हे चांगले उमगले होते. ती खेळाच्या धंद्यात होती आणि धंद्याला जाहिरात लागते हे ती जाणत होती. तिला केवळ निष्पाप बळी ठरवणे हे सत्याला धरून होणार नाही.

अटकेचा पुरावा नसला तरी ज्या वातावरणात ती कथा लोकांना खरी वाटली ते वातावरण मात्र काल्पनिक नव्हते. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या जलतरणाचा प्रथमच समावेश झाला. त्यात शंभर मीटरच्या शर्यतीत फॅनी ड्युरॅक व मिना वायली या दोघी ऑस्ट्रेलियन मुलींनी पहिले दोन क्रमांक मिळवले. अमेरिकेने त्या स्पर्धांना एकही पोहणारी स्त्री पाठवली नव्हती. पुढे दहा वर्षांनी, १९२२ साली, खुद्द वॉशिंग्टन शहरात स्नानाच्या जागी टेप घेतलेला अधिकारी गुडघा आणि पोशाख यांमधले अंतर मोजीत असल्याचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. किनाऱ्यावरील नीतिमत्ता इंचांत मोजली जात होती!

पडद्यावरची जलकन्या

जो समाज किनाऱ्यावर गुडघे मोजीत होता, तोच नाट्यगृहाच्या दारात तिकिटासाठी रांगा लावीत होता. गाणी, नकला, कसरती अशा सुट्या खेळांची जी रंगभूमी अमेरिकेत व्हॉडव्हिल या नावाने गाजत होती, तिच्यावर ॲनेटचा काचेचा हौद मोठे आकर्षण ठरला. प्रेक्षकांना ती सर्व बाजूंनी दिसावी म्हणून चालकांनी रंगमंचावर आरसे बसवल्याचे सांगतात. हार्वर्ड विद्यापीठातील शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी तिच्या शरीराची मापे हजारो स्त्रियांच्या मापांशी आणि ग्रीक व्हीनसच्या पुतळ्याशी ताडून तिला परिपूर्ण स्त्री ठरवले. ज्या मुलीचे पाय पोलादी पट्ट्यांत होते तिच्याच देहाला हा मान मिळावा, याचा तिला आनंद झाला असेल. पण येथेही मोजली गेली ती मापे. मैल आणि मिनिटे मोजण्याची उत्सुकता कोणाला उरली नव्हती.

१९१२ साली आपले व्यवस्थापक जेम्स सलिव्हन यांच्याशी तिने विवाह केला. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘नेपच्यून्स डॉटर’ हा तिचा मूकपट आला. बर्म्युडा बेटावर त्याचे चित्रीकरण चालू असता पाण्याने भरलेला काचेचा प्रचंड हौद फुटला आणि ती व दिग्दर्शक हर्बर्ट ब्रेनन असे दोघेही जखमी झाले. चित्रपट मात्र अफाट चालला. १९१६ मध्ये जमैका बेटावर चित्रित झालेला ‘अ डॉटर ऑफ द गॉड्स’ हा फॉक्स कंपनीचा चित्रपट दहा लक्ष डॉलरांचा म्हणून गाजवण्यात आला. त्यातील धबधब्याच्या दृश्यात ॲनेट केवळ लांब केसांच्या आच्छादनाने वावरली. ज्या बाईने पोहण्यासाठी पोशाख आटोपशीर केला होता, तिच्या अंगावरून चित्रपटाने तो पोशाखही काढून घेतला. यात तिची संमती होती आणि त्या धाडसाचा तिला अभिमानही होता. परंतु या दोन घटनांतला फरक सूक्ष्म असला तरी मूलगामी आहे. पहिल्या वेळी कपडा कमी झाला तो तिच्या हातापायांच्या गरजेने. दुसऱ्या वेळी तो कमी झाला पाहणाऱ्यांच्या नजरेच्या गरजेने.

आपल्या साहसी कसरती ती स्वतःच करीत असे. ९२ फूट उंचीवरून पाण्यात सूर मारण्याचा स्त्रियांचा विक्रम तिच्या नावावर नोंदला गेला होता. मत्स्यकन्येचे वेश ती स्वतः तयार करी, आणि शेपटीचा तो वेश चढवून प्रत्यक्षात पोहून दाखवी. १९१८ साली तिने पोहण्याच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. स्त्रियांचा प्रचलित स्नानवेश हा पोहण्यातला मोठा अडसर आहे आणि दमश्वासाच्या या खेळात स्त्री पुरुषाच्या बरोबरीने टिकू शकते, ही त्यातली तिची भूमिका होती. मुलींनी पोहणे शिकावे म्हणून तिने व्याख्याने दिली. बाजारात एकसंध पोशाखाला तिचेच नाव पडले. व्याख्यानांपेक्षा पोशाख अधिक खपले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पण तिचे म्हणणे वाया गेले नाही. ६ ऑगस्ट १९२६ रोजी गर्ट्रूड एडरले ही अमेरिकन तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. हे साध्य करणारी ती पहिली स्त्री. आणि तिने घेतलेला वेळ तोवर पार झालेल्या पाचही पुरुषांपेक्षा कमी होता. तिच्या अंगावर बहिणीच्या मदतीने कापून केलेला दोन तुकड्यांचा सुटसुटीत पोशाख होता. काखांत घासणारे काठ त्याला नव्हते. ॲनेट जेथून तीनदा परतली होती तेथून ही मुलगी पलीकडे गेली. १९५९ साली भारताच्या आरती साहा यांनी तीच खाडी पार केली, तेव्हा आशियातील पहिली स्त्री हा मान त्यांना मिळाला. या मालिकेच्या आरंभीच्या नावांत ॲनेटचे नाव आहे, अयशस्वी ठरलेले, तरीही आरंभीचे.

मराठी वाचकाला या ठिकाणी कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’चा १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ आठवल्यावाचून राहणार नाही. आचार्य अत्रे यांची कथा, मास्टर विनायकांचे दिग्दर्शन आणि पोहण्याच्या पोशाखात जलक्रीडेचे गीत गाणारी मीनाक्षी शिरोडकर. ब्रह्मचर्याच्या बाष्कळ कल्पनांची टर उडवणाऱ्या त्या विनोदी चित्रपटात त्या दृश्याला कथेच्या ओघात नेमके प्रयोजन होते. तरीही चर्चा झाली ती पोशाखाची. शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेल्या, पुढे चित्रपट आणि रंगभूमी या दोन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या अभिनेत्रीचे नाव निघाले की आजही प्रथम तोच पोशाख आठवतो. सिडनीची जलतरणपटू आणि कोल्हापूरच्या चित्रपटातील गायिका-अभिनेत्री यांच्या वाट्याला आलेले स्मरण अशा रीतीने एकाच जातीचे आहे.

मोजमाप कोणाच्या हाती?

काळ बदलला, किनाऱ्यावरचे टेप गेले, असे समाधान मानून घेण्याची मात्र घाई करू नये. २०१६ साली फ्रान्समधील काही किनारी नगरांच्या महापौरांनी अंग पूर्ण झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर बंदी घातली आणि पोलीस त्या पोशाखातील स्त्रियांना हटकू लागले. २०२१ साली नॉर्वेच्या वाळूवरील हँडबॉल संघातील मुलींनी तोकड्या बिकिनीऐवजी आखूड विजार घातली, म्हणून युरोपीय महासंघाने त्यांना पंधराशे युरोंचा दंड केला. जगभर टीका झाल्यावर त्याच वर्षी तो नियम बदलावा लागला. शंभर वर्षांपूर्वी अंग दिसले म्हणून अपराध. आता अंग झाकले म्हणून अपराध! नियम उलटा झाला, पण टेप ज्याच्या हाती होती त्याच्याच हाती राहिली. पोहणारीला काय सोयीचे, खेळणारीला काय सोयीचे, हा प्रश्न दोन्ही वेळी कोणी विचारला नाही.

आपल्याकडेही अनेक घरांत मुलीने पोहणे शिकण्याचा विषय निघतो तेव्हा पाण्याच्या खोलीच्या आधी पोशाखाच्या लांबीची चर्चा होते, आणि पुष्कळदा तेथेच संपते. पाणी मात्र बुडणाऱ्याची जात, लिंग वा मर्यादा पाहत नाही. ईस्ट नदीतील त्या दुर्घटनेने शिकवलेला धडा जितका अमेरिकेचा आहे तितकाच नद्या, विहिरी आणि समुद्र यांच्या काठी वसलेल्या कोणत्याही समाजाचा आहे.

अखेरचा किनारा

१९२४ साली न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेला ‘व्हीनस ऑफ द साउथ सीज’ हा ॲनेटचा शेवटचा मोठा चित्रपट. बोलपटांचे युग आले आणि तिचा काळ सरला. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मायदेशी राहून तिने रेडक्रॉससाठी काम केले, सैनिकांच्या करमणुकीचे कार्यक्रम केले. १९५२ साली तिच्याच जीवनावर ‘मिलियन डॉलर मर्मेड’ निघाला. तिची भूमिका करणारी एस्थर विल्यम्स ही स्वतः राष्ट्रीय दर्जाची जलतरणपटू होती. १९४० चे ऑलिंपिक सामने युद्धामुळे रद्द झाले नसते तर कदाचित ती चित्रपटांकडे वळलीही नसती. त्या चित्रपटातील एका दृश्यात डोक्यावर धातूचा मुकुट घालून उंचावरून सूर मारताना तिच्या मानेचे मणके मोडले आणि कित्येक महिने तिला प्लॅस्टरमध्ये काढावे लागले. प्रेक्षकांना दिसला तो झळाळता सोनेरी पोशाख. मोडलेली मान कोणालाच दिसली नाही. पोहणाऱ्या दोन स्त्रियांच्या आयुष्यांवर यापेक्षा बोलके भाष्य दुसरे नसेल.

१९७० साली ॲनेट कायमची ऑस्ट्रेलियात परतली. १९७४ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय जलतरण मानवंदना दालनात तिचा समावेश झाला. म्हणजे सत्तर वर्षांनी का होईना, तिची गणना अखेर पोहणाऱ्यांत झाली. ६ नोव्हेंबर १९७५ रोजी क्वीन्सलँडमधील साउथपोर्ट येथे तिचे निधन झाले. तिला मूलबाळ नव्हते. आयुष्यभर जपलेला वेशभूषांचा संग्रह तिने सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या स्वाधीन केला होता. तिच्या रक्षेचे विसर्जन ग्रेट बॅरिअर रीफच्या समुद्रात करण्यात आले.

तिच्या मोठ्या चित्रपटांपैकी पूर्ण स्वरूपात टिकून आहे तो केवळ न्यूझीलंडमधला. दहा लक्ष डॉलरांचा म्हणून गाजलेल्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वेश मात्र संग्रहालयाच्या काचेआड सुरक्षित आहेत. तिच्या वाट्याला आलेले यश असे पुन्हा एकदा कपड्यांच्याच रूपाने उरले. परंतु सिडनीच्या मॅरिकव्हिल भागात तिचे नाव दिलेला एक सार्वजनिक तरणतलाव आहे. रोज तेथे मुली पोहण्यास येतात, आणि त्यांतील कित्येकींना हे नाव कोणाचे हेही ठाऊक नसेल. त्यांना ते ठाऊक नसले तरी बिघडत नाही. आपल्याला सोयीचा पोशाख घालून, कोणालाही स्पष्टीकरण न देता त्या पाण्यात उतरतात आणि पलीकडच्या कडेला हात लावून परत येतात. पोलादी पट्ट्यांतून सुटून पाण्यात पहिल्यांदा पाय मारणाऱ्या त्या मुलीला याहून अधिक काही हवे होते असे वाटत नाही.